ती उभी होती तो काठ

आमची मुलगी मैत्रिणींबरोबर बालीला गेली होती, तेव्हा तिथल्या बाटूर नावाच्या ज्वालामुखीवर चढली होती. वर पोचल्यावर तिने एक फोटो पाठवला. मागे वाफ, पायाखाली काळा दगड आणि दोन्ही हात पसरून हसणारी ती. खाली लिहिलं होतं, ‘आई, हा डोंगर जिवंत आहे!’ मी तेव्हा भाजीला फोडणी देत होते. ‘जपून उतर’ एवढं लिहून मी फोन बाजूला ठेवला.

त्यानंतर वर्षभराने ती गेली. आमच्याच शहरात, महादेवपुऱ्यात तिची नोकरी होती. एका रविवारी सकाळी मैत्रिणीच्या लग्नाला निघालेली असताना होसकोटेच्या रस्त्यावर ट्रकने तिच्या स्कूटरला उडवलं. सव्वीस वर्षांची होती.

हे रडले नाहीत. आयुष्यभर सरकारी कारखान्यात इंजिनिअर. कागदपत्रं, पोलीस, आल्यागेल्याचा चहा, सगळं त्यांनीच सांभाळलं. पण तिचं नाव घेणं बंद केलं. मी तिच्याविषयी बोलायला लागले की उठून गॅलरीत जायचे. पुढच्या वर्षी एक दिवस मात्र आपणहून म्हणाले, “त्या डोंगरावर जाऊन येऊ या का?”

खालच्या मजल्यावरच्या कन्नड अक्कांना वाटलं, आम्ही मन रमवायला निघालोय. “जाऊन या,” त्या म्हणाल्या, “स्वल्प बरं वाटेल.” मीही त्यांच्याच भाषेत “सरी”, म्हणजे बरं, म्हणाले. खरं कारण सांगायला जीभ रेटेना.

सूर्योदय बघायला बहुतेक लोक अंधारातच चढतात. आमचे गुडघे बघता आम्ही उजाडल्यावर निघालो. वाटाड्या चाळिशीचा, अबोल माणूस होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणं चालायचं. पहिल्या चढावर दम खायला थांबलो, तेव्हा यांनी त्याला तिचा फोटो दाखवला.

“ही आठवते? दोन वर्षांपूर्वी आली होती.”

त्याने फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मी मनात म्हणत होते, खोटं का होईना, हो म्हण.

“नाही,” तो म्हणाला. “रोज इतके लोक येतात. पण जागा ओळखली.”

“तिथे ने आम्हाला,” हे म्हणाले.

तो काहीतरी सांगणार होता, पण तसाच पुढे चालू लागला.

अर्ध्या वाटेवर त्याने खाली बोट दाखवलं. तळ्याच्या बाजूला काळ्या दगडांचं पसरलेलं रान होतं. “तिथे माझ्या पणजोबांचं गाव होतं. लाव्हा आला तेव्हा लोक देव उचलून वर पळाले. घरं, देऊळ, सगळं त्याच्या पोटात आहे.”

“मग तुम्ही इथेच कसे राहता?” मी विचारलं.

त्याला प्रश्न कळेना. “कुठे जाणार?” तो म्हणाला. “आमची माणसं इथलीच.”

त्यापुढची वाट भुसभुशीत राखेची होती. दोन पावलं चढलं की एक पाऊल मागे घसरायचं. हे मधूनमधून थांबत होते, पण परत फिरू या असं म्हणाले नाहीत. वर पोचलो तेव्हा भेगांतून वाफ येत होती. मी वाफेवर हात धरला, तर चटका बसेल इतकी ऊन होती. थोडं पुढे गेल्यावर वाटाड्या थांबला. समोर दोरी बांधलेली होती.

“ती जागा इथे होती,” त्याने दोरीपलीकडे हात केला. “गेल्या पावसात काठ ढासळला. खालीच सांगायला हवं होतं. माफ करा.”

पलीकडे नुसती पोकळी होती. खोल तळाशी ताज्या पडलेल्या दगडांचा ढीग. ती जिथे उभी राहून हसली होती, तेवढीही जमीन शिल्लक नव्हती. यांनी दोरी मुठीत घट्ट धरली. मी त्यांचा सदरा मागून धरला. मग ते म्हणाले, “चल, उतरू.”

उतरताना राखेवरून त्यांचा पाय सटकला आणि ते बसकण मारून खाली बसले. लागलं नव्हतं. मी हात पुढे केला, पण ते उठेनात. आणि मग माझा नवरा, तिथे, मांडीवर दोन्ही हात टाकून, लहान मुलासारखा मोठ्याने रडायला लागला. तिचं नाव घेऊन. मी शेजारी बसले. वाटाड्या थोडा खाली जाऊन पाठमोरा उभा राहिला आणि आम्ही उठेपर्यंत त्याने वळून पाहिलं नाही.

आता आमच्या हेब्बाळच्या घरात हेच तिच्याबद्दल बोलतात. जेवताना, कपडे वाळत घालताना, कधीही. मलाच हल्ली बोलवत नाही. परवा दोसा खाता खाता म्हणाले, “तिला चटणीत लसूण चालायची नाही, आठवतं?”

मला तर ती लसणीची चटणी बोटाने चाटून खाताना आठवते. पण खात्रीने सांगता येईना.

“हो,” मी म्हटलं, आणि त्यांच्या ताटात आणखी एक दोसा वाढला.