काजळीसाठी आणलेलं सिरम

डॉक्टरांनी काजळीच्या हनुवटीखाली हात घालून तिचं डोकं जरासं वर उचललं. त्याबरोबर तिच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक पांढरट पडदा सरकत आला आणि निम्मा डोळा झाकून थांबला. त्यांनी पुन्हा हात लावला, पुन्हा पडदा आला. मग ते हात पुसत म्हणाले, "टिटॅनस. म्हणजे धनुर्वात. माणसांना होतो तोच."

दसरा होऊन दुसरा दिवस उजाडला होता. काजळीच्या पायांची मेंदी अजून ताजी दिसत होती.

आम्ही तेव्हा सांगलीजवळ माधवनगरला राहत होतो. दारात एक टांगा आणि एक काळी घोडी, काजळी. यजमान लढाईवर, खेचरांच्या कंपनीत. टांगा हसनभाई चालवत. माझं लग्न होऊन मी आले तेव्हापासून ते आमच्याकडे होते. पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि टांग्यांना बरे दिवस आले. यजमानांच्या पगारातलं जे येई ते मुलींच्या शाळेत आणि सासूबाईंच्या दम्यात जाई. बाकी घर घोडीवर चाले. यजमानांच्या प्रत्येक पत्रात माझ्या आधी काजळीची चौकशी असे. मला त्यात वावगं वाटलं नाही. कमावती ती होती.

पहिलं लक्षण दसऱ्याला दिसलं. आमच्याकडे त्या दिवशी घोडीला ओवाळून पुरणपोळी देतात. काजळी एरवी ताटावरचा हात निघण्याआधी पोळी ओढायची. त्या दिवशी पोळी तिच्या ओठांतून खाली पडली. सासूबाई म्हणाल्या, रुसली असेल, सकाळपासून कामाला जुंपलीत तिला. हसनभाईंनी तोंड उघडायला पाहिलं तर जबडा दोन बोटंही उघडेना. शेपूट एका बाजूला ताठ धरलेलं, कान उभे, पाय लाकडाच्या घोड्यासारखे फाकलेले.

तुमच्या दारात घोडं असेल तर हे नीट लक्षात ठेवा. हा आजार तोंडापासून दिसू लागतो, पण शिरतो पायातून. घटस्थापनेच्या आधी काजळीला नव्या नाला ठोकल्या होत्या. एक खिळा जिवंत खुरात गेला, थोडं रक्त आलं. नालबंदाने खिळा उपसून दुसरा ठोकला. हसनभाईंनी भोकात हळद भरली आणि वरून ओली लीद लिंपली. आमच्याकडे सगळे असंच करतात. डॉक्टर म्हणाले, टिटॅनसचे जंतू घोड्याच्या लिदीतच असतात; जखमेत कोंडले, वारा लागेनासा झाला की ते वाढतात. हसनभाई खाली मान घालून ऐकत होते. मी म्हटलं, ते झालं, आता काय करायचं ते सांगा.

करायचं बरंच होतं. जखम उघडून धुवायची. तबेल्याला पोती लावून अंधार करायचा. कानांत कापूस घालायचा, कारण साध्या आवाजानेही अंगाला झटके येतात. पेज आणि पाणी छातीएवढ्या उंचीवर ठेवायचं, मान खाली जात नाही. झटके कमी व्हावेत म्हणून क्लोरल हायड्रेट, म्हणजे गुंगीचं औषध. आणि मुख्य म्हणजे अँटिटिटॅनस सिरम. जंतूंनी रक्तात सोडलेलं विष मारणारं हे औषध सुईने देतात. ते सांगलीत नव्हतं.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, साताऱ्यात मिळण्याचा संभव आहे म्हणाले. मग चिठ्ठी हातात देताना थांबले. "जबडा धरल्यावर वाचणारी थोडी असतात. औषध माणसांच्या मापाच्या कुप्यांतून मिळेल आणि घोड्याला त्या पुष्कळ लागतील. खर्च घोडीच्या किमतीच्या घरात जाईल. आधी सांगून ठेवतो."

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. चांगले घोडे लष्कराने उचलले होते, उरलेले टांग्याला चालणारे नव्हते. टांग्याच्या चाकांना नव्या रबरी धावा बसवायला बाजूला ठेवलेले पैसे होते. घोडी नसेल तर धावा कशाला, एवढाच विचार केला आणि सकाळची सर्व्हिस मोटार धरली.

मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. कराडच्या पुढे चढ लागला की आम्ही सगळे उतरून चालायचो आणि ती धूर ओकत मागून यायची. साताऱ्यात सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या माणसाने नीट सांगितलं: जनावरांसाठीचं सिरम मोठ्या बाटलीत, स्वस्त येतं, पण सध्या सगळं लष्कराच्या घोड्याखेचरांना जातं. तुम्ही बाजारात पाहा. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या खेचरांना ते स्वस्तात मिळत होतं आणि त्याच्या घोडीला महाग घ्यायचं होतं. मी बाजारात गेले.

औषधांच्या दुकानात बाकावर मिशांवाले दोन पेन्शनर बसले होते. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, पेशंट कोण विचारलं. मी घोडी म्हटल्यावर बाक जरा सरसावला. किंमत ऐकल्यावर तर त्यातले एक मला म्हणाले, "आवं बाई, एवढ्यात दुसरं घोडं येतंय की."

मी म्हटलं, "कुठं येतंय सांगा. पैसे घेऊनच आलेय."

दुसरे पेन्शनर हसले. "सांग की गड्या आता."

दुकानदाराने बर्फाच्या पेटीतून होतं तेवढं सिरम काढून फळीवर मांडलं. मी पैसे मोजायला लागले तेव्हा त्याने त्यातल्या काही कुप्या उचलून परत पेटीत ठेवल्या. "या देता येणार नाहीत. बाळंतिणी येतात, कुणाला पहार लागते, कुणाला गंजकं पातं." मी वाद घातला नाही. आमच्या शेजारची एक पोर बाळंतपणानंतर धनुर्वाताने गेलेली मी पाहिली होती. माझ्या तिन्ही बाळंतपणांना मिळून जेवढा खर्च झाला नव्हता, तेवढा त्या फळीवर ठेवला, कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात घातल्या आणि परतीची मोटार पकडली.

उपचार सुरू झाले. डॉक्टर रोज येत. घरात चपला घालायला बंदी, भांडी सावकाश ठेवायची, मुलींनी परवचा शेजारी जाऊन म्हणायचा. सासूबाई खोकला आला की पदर तोंडात कोंबत. हसनभाई तबेल्याच्या दाराशी बसून असत आणि कुणी जवळून मोठ्याने बोललं की नुसता हात वर करत.

एका आवाजाला मात्र हात वर करून उपयोग नव्हता. गिरणीचा भोंगा. पाळी सुटली की तो व्हायचा, आणि व्हायचाच. अख्खं गाव त्यावर उठत होतं, जेवत होतं. एका घोडीसाठी तो बंद ठेवा म्हणणार कुणाला? भोंगा व्हायच्या आधी हसनभाई आत जाऊन काजळीच्या कानांवर दोन्ही हात दाबून धरत. तरी तिचं सगळं अंग थरथरायचं, घाम पोटावरून ठिबकायचा.

मधे एक दिवस बरा गेला. तिने ओठांनी पेज ओढली. डॉक्टर म्हणाले, आशा धरायला हरकत नाही, पण फार धरू नका. हसनभाई मला म्हणाले, "वहिनी, आज डोळ्यात वळख हाय तिच्या." मी मान हलवली. मला वळख दिसली नव्हती, पण पेजेचं भांडं रिकामं दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोंग्याला ती पडली. या आजारात पडलेलं घोडं उठत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. झोळी बांधून उचलायचा प्रयत्न केला, चार माणसं लागली, जमलं नाही. डॉक्टर आले, त्यांनी डबा उघडून पाहिला. एक कुपी शिल्लक होती. ते म्हणाले, आता ही टोचून काही होणार नाही, राहू द्या. दुपारच्या आत काजळी गेली.

मी त्या वेळी रडले नाही, हे लिहिते ते मोठेपणा म्हणून नाही. तबेला धुवायचा होता, गाडी ठरवायची होती, आणि अंगणात माणसं जमली होती. ती हळहळायला आली होती तशी नाल मागायलाही आली होती. काळ्या घोड्याची नाल उंबऱ्याला ठोकली की घराला नजर लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. काजळीच्या अंगावर एक पांढरा केस नव्हता. चार पायांच्या चार नाला आणि मागणारी घरं सात-आठ. कुणी म्हणालं, वहिनी, आम्ही आधी बोललो होतो. घोडी जिवंत असतानाच बोलून ठेवलं होतं म्हणजे.

नाही म्हणणं मला जड गेलं नसतं, पण हसनभाईच म्हणाले की मागितलेली नाल नाकारू नये. ते पक्कड घेऊन बसले. तीन नाला निघाल्या. चौथी त्याच, खिळा लागलेल्या पायाची. खिळा सुटेना, त्यांनी जोर लावला, आणि सुटलेला खिळा त्यांच्या उजव्या तळहातात शिरला.

त्यांनी तो उपसला, हात झटकला आणि खाली बसून मूठभर माती घेतली जखमेवर दाबायला. मी त्यांचा हात धरला. आमच्या घरातल्या बाईने त्यांचा हात धरण्याची ती पहिली वेळ. ते चपापले. मी माती झाडली, उकळून ठेवलेल्या पाण्याने जखम धुतली आणि डबा काखेत मारून त्यांना माणसांच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत ते एकच म्हणत होते: "वहिनी, एवढं म्हागाचं अवशिद. नवं घोडं घ्याल तवा लागंल. मला काय हुतंय?"

डॉक्टरांनी कुपी उजेडात धरून पाहिली, चांगली आहे म्हणाले. आधी थेंबभर कातडीखाली टोचून काही वेळ थांबले. मी कारण विचारलं. "हे सिरम घोड्याच्या रक्तातून काढतात. काहींना घोड्याचं रक्त सोसत नाही."

हसनभाईंनी मान वर केली. "घोड्याच्या?"

"घोडे पाळलेले असतात त्यासाठी. त्यांना थोडं थोडं विष टोचून तयार करतात, मग रक्त काढतात."

हसनभाईंनी बाही आणखी वर केली. सुई दंडात असताना ते रडत होते, आणि डॉक्टरांना वाटलं दुखतंय.

त्यांना धनुर्वात झाला नाही. सुई घेतली नसती तर झाला असता का, हे कुणी सांगू शकत नाही. न झालेल्या आजाराचा पुरावा दाखवता येत नाही, म्हणूनच त्याच्यावर खर्च करायला कुणी तयार होत नाही. मी ज्या पैशांत काजळीला वाचवू शकले नाही, त्यातल्या एका कुपीएवढ्या खर्चात खिळा लागला त्या दिवशीच टोचून घेतलं असतं तर बहुधा ती राहिली असती, असं जनावरांच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. जनावराचं औषध महाग आहे, ही तक्रार मीही करते. पण ते कधी घेतलं यावर ते किती महाग पडतं हे ठरतं. तुमच्या घोड्याच्या, बैलाच्या पायात खिळा गेला, रक्ताचा थेंब आला, तर लीद लिंपू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

यजमानांना मी चार ओळीत सगळं कळवलं. उत्तर पुष्कळ दिवसांनी आलं. पहिल्या ओळीत हसनभाईंच्या हाताची चौकशी होती. काजळीचं नाव पत्रात कुठेच नव्हतं. ते पत्र वाचून झाल्यावर मात्र मी तबेल्यात जाऊन थोडा वेळ बसले.

चौथी नाल मी कुणाला दिली नाही आणि उंबऱ्यालाही ठोकली नाही. ती भंगारात लोखंडाच्या भावाने गेली. पुढे लढाई संपल्यावर एक बुटकं, तांबूस घोडं घेतलं. नाल ठोकताना मी स्वतः उभी राहते, नालबंदाला ते आवडत नाही. टांग्यांच्या अड्ड्यावर लोक हसनभाईंना चिडवतात, की तुमची वहिनी घोड्याच्या टाचणीएवढ्या जखमेला डॉक्टर बोलावते, घोड्यापायी एवढा पैसा घालवतं का कुणी? हसनभाई मग चाबूक डाव्या हातात घेतात आणि उजव्या हाताची मूठ उघडून खिळ्याचा वण त्यांच्यासमोर धरतात.