न उघडलेली खोकी

गेमिंगचा नवा कॉम्प्युटर तयार घ्यायचा, असं ठरवूनच मी दुकानात गेले होते. शेजारी एक मुलगी वडिलांशी हुज्जत घालत होती.

"बाबा, तयार नको ना. आपण सुटे भाग घेऊन घरी जोडू."

"मला त्यातलं काय कळतंय गं?"

"नसू दे. तुम्ही नुसते जवळ बसा."

वडील हसले आणि मला एकदम दादा आठवला. कॉलेजात असताना आमचा पहिला कॉम्प्युटर आम्ही दोघांनी जमिनीवर बसून जोडला होता. तीनदा चुकलो, चौथ्यांदा पंखा फिरला, तेव्हा दादाने मला उचलून घेतलं होतं. आता तो नागपुरात, मी पुण्यात. भेट होते ती लग्नकार्यात, तीही पंगतीपुरती.

तयार वस्तू एका माणसाला पुरते. जोडायची म्हटली की शेजारी आणखी कुणीतरी हवंसं वाटतं.

दुकानाबाहेर येऊन मी त्याला फोन लावला. "दादा, नवा कॉम्प्युटर घेतेय. तयार घेऊ की जोडू?"

"जोड की. व्हिडिओ कॉल लाव, मी सांगतो."

"फोनवर नको रे."

तो म्हणाला, "सामान घेऊन ठेव. मी येईपर्यंत एकही खोकं उघडू नकोस."

कधी येणार, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. खोकी दिवाणावर आहेत. पाहुणे आले की मी ती खाली ठेवते आणि ते गेले की पुन्हा वर.