एकतिसाव्या पानावरची अदलाबदल

त्या कागदांच्या चळतीचा मला आजही संताप येतो. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि शंकर नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका पोलादाच्या रोलिंग मिलला कॉम्प्युटरवर हजेरी हवी होती. प्रोग्राममध्ये काय काय हवं, ते लिहून काढायचं काम माझं. साहेबांचा हुकूम एकच, दस्तऐवज जाडजूड दिसला पाहिजे. तो कुणी वाचावा, हे त्यांच्या मनातही नव्हतं.

बाबा त्याच मिलमध्ये टाइमकीपर. जेवताना ते म्हणाले, "हे पाय, आमच्या इथं पाळीची अदलाबदल चालते. घरी लग्न-मयत असलं का दुसरा त्याच्या जागी उभा राहते. मी रजिस्टरात पेन्सिलनं लिहून ठेवतो. हे पहिले लिही."

लिहिलं की मी. पण आधी कंपनीची ओळख, मग उद्दिष्टं, मग आकृत्या, मग नुसती बडबड. अदलाबदल एकतिसाव्या पानावर, परिशिष्टात, तीन ओळींत. साहेबांनी जाडी बघून पाठ थोपटली आणि मी गाढव खूश झालो. प्रोग्रामरने पहिली पाच-सहा पानं वाचून काम सुरू केलं. त्याच्यावर कशाला चिडू? पुढची पानं माझ्याच्यानेही वाचवली नसती.

प्रोग्राम मिलमध्ये सुरू झाला आणि बाबांचं रजिस्टर कपाटात गेलं. पहिल्याच महिन्यात भट्टीवरच्या एका कामगाराने बहिणीच्या लग्नासाठी तीन दिवस पाळी बदलून घेतली. जोडीदाराने त्याच्या जागी घाम गाळला. पण कॉम्प्युटरच्या लेखी लग्नाला गेलेला न सांगता गैरहजर, आणि परत आला तेव्हा त्याचं नाव कामावरून कमी झालेलं. फाटकावर त्याला ते सांगायची वेळ बाबांवर आली.

घरी आल्यावर बाबांनी बूटही काढले नाहीत. "तुले सांगतलं होतं. लिहिलं नाही काहून?"

मी तावातावाने चळत पुढे केली. त्यांनी एकेक पान उलटत त्या तीन ओळी गाठल्या.

"हे लिहिलं नाही, लपवलं तू," ते म्हणाले. "उद्या त्या मानसाले तूच सांग."

सकाळी मिलच्या मॅनेजरने ते पान हातातही घेतलं नाही. फाटकाबाहेर तो कामगार उभा होता. पानावर काय लिहिलंय असं त्याने विचारलं म्हणून मी अदलाबदलीच्या त्या तीन ओळी त्याला हिंदीत सांगितल्या.

"हव भैया," तो म्हणाला, "मैंने तो यही किया था."