साठीचा गूळ

माणसाचं वजन किलोत नव्हे, कर्तृत्वात मोजावं, असं वडिलांच्या साठीशांतीच्या पत्रिकेत छापलं होतं. मजकूर काकांचा. तुलेचा गूळ मात्र किलोवरच आणायचा होता, म्हणून गुरुजींनी वडिलांचं वजन विचारलं.

"बहात्तर," वडील म्हणाले. सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा केले की योग्य वजन येतं, हे बँकेच्या मेडिकलच्या वेळी त्यांना कोणा डॉक्टरने सांगितलं होतं. तेव्हापासून आमच्या माधव नगरातल्या प्रत्येक सुटलेल्या पोटाला ते हा हिशेब ऐकवत. केबलवर पोट कमी करणाऱ्या पट्ट्यांच्या जाहिराती नुकत्याच सुरू झाल्या होत्या. त्या बघून त्यांना मनापासून हसू येई. स्वतः मात्र ते कित्येक वर्षांत वजनाच्या काट्यावर उभे राहिले नव्हते. गणित पाठ असताना काटा कशाला?

आईने त्या उन्हाळ्यात त्यांच्या पँटी दोनदा कमरेत आत घेतल्या होत्या. "इंदूरला दाखवून येऊ या," ती म्हणे. "साठीशांत होऊ दे, मग बघू."

फ्रीगंजातल्या हॉलमध्ये मंडीतून मागवलेला मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात बहात्तर किलो गूळ, दुसऱ्यात सोवळं नेसलेले वडील. मंत्र सुरू झाले आणि वडील वर गेले.

"दादा, बस की नीट! पाय कशाला वर घेतलेस?" काका ओरडले. सगळा हॉल हसला.

"मंडीचा तराजू आहे, दांडी मारणारच," वडील वरून म्हणाले.

आई हसली नाही. पुढे होऊन तिने गुळाची एक ढेप काढली. वडील वरच. दुसरी काढली. "वहिनी, पुरे, दादा धाडकन खाली येईल हं," आत्या म्हणाली. तिसऱ्या-चौथ्या ढेपेनंतर तीच त्या खाली रचू लागली. आई ढेपा काढत राहिली. गुरुजींनी आवाज उगाचच चढवला.

पारडी एकदाची समोरासमोर आली, तेव्हा वडिलांनी खाली रचलेल्या ढेपांकडे पाहिलं. एकेक ढेप मोजली.

"सोमवारी जाऊ इंदूरला," ते आईला म्हणाले.

फार उशीर झालाय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दिवाळीच्या आधी वडील गेले.

तुलेतला गूळ तेव्हाच दान झाला होता. काढलेल्या ढेपा आईने पत्र्याच्या डब्यात भरून ठेवल्या होत्या. तेराव्याच्या गोडाला बाहेरून गूळ आणावा लागला नाही.