मेला की नुसता गप्प

बाइंडरला पुस्तकं शिवता येत होती, वाचायचा मात्र त्याला मनस्वी कंटाळा. "वाचत बसलो तर शिवायचं कोणी?" असं तो विचारायचा. या प्रश्नाला घरात उत्तर मिळत नसे, कारण घरात बायकोशिवाय कोणी नव्हतं आणि तिला स्वतःलाच इतकं बोलायचं असायचं की त्याच्या प्रश्नांसाठी सवड नव्हती.

त्याचा तोरा एकाच गोष्टीचा होता. वाचनालयाचं पुस्तक त्याच्या हातून शिवून गेलं की ते तक्रार घेऊन परत कधी आलं नव्हतं. पान उलटं नाही, मागचं पुढे नाही. हे तो दूधवाल्यापासून मीटर वाचायला येणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवायचा.

आणि आता हे भुतांचं बाड आलं होतं.

ही कादंबरी मुळात सुट्या पुस्तिकांमधून निघालेली, दर आठवड्याला एक गोष्ट. मग कुणीतरी त्या सगळ्या एकत्र शिवून वाचनालयात ठेवल्या. पुस्तक पार खिळखिळं होऊन बाइंडरकडे आलं. त्यानं जुना दोरा उसवला, पुस्तिका मोकळ्या केल्या आणि प्रत्येकीचं फाटकं, डागाळलेलं कव्हर हातासरशी काढून टाकलं. रोजचंच काम, हात आपोआप चालतो. कितवी गोष्ट, हे फक्त त्या कव्हरांवर छापलेलं होतं, आणि आतले पानांचे आकडे प्रत्येक पुस्तिकेत पुन्हा एकपासून. हे त्याच्या ध्यानात आलं तोवर कव्हरं कचऱ्याच्या गाडीतून गेली होती. वर बायकोनं टेबल पुसायचं म्हणून पुस्तिकांची चळत हलवून ठेवलेली.

"मी नीट ठेवली," ती म्हणाली. नीट म्हणजे जाड खाली आणि बारीक वर.

वाचनालयात जाऊन विचारावं तर तोरा उतरणार. म्हणजे वाचणं आलं. मनात वाचलं की त्याला झोप यायची, म्हणून तो मोठ्यानं वाचायला बसला.

कादंबरी एका उंच घराची होती. प्रत्येक खोलीची एक गोष्ट, आणि एका गोष्टीतली माणसं दुसरीच्या दारात उभी. बाइंडरचं डोकं पिकलं. एका पुस्तिकेत पोस्टमनला पुरून आले, दुसरीत तोच पोस्टमन जिना चढून पत्र देतोय. हा मरायच्या आधीचा की नंतरचा? लेखक सांगायला तयार नाही.

"मेल्यावर तरी माणसानं कामावर येऊ नये," बाइंडर करवादला.

"वाचा हो पुढे," बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिला मजा येत होती. तिला मजा येते याचाच त्याला जास्त राग येत होता.

तरी रेटत रेटत गाडी पुढे सरकली. पोस्टमनच्या पायाखाली पायरी वाजत नाही म्हणजे तो गेलेला, हे बायकोच्या लक्षात आलं. तळमजल्यावरची म्हातारी भाडेकरूला नाव विचारते, म्हणजे ती गोष्ट त्यांच्या ओळखीच्या आधीची, हे त्याला कळलं आणि तो जेवणापर्यंत खुशीत होता. एकेक पुस्तिका जागेवर बसत गेली. एक उरली.

तिच्यात घड्याळवाल्याची बायको दिवसभर नवऱ्याशी बोलत असते. तो खिडकीशी खुर्चीत बसलेला. ती नळाला पाणी कमी आल्याचं सांगते, शेजारणीचं सांगते, बहिणीच्या सुनेचं सांगते. तो काही बोलत नाही, आणि गोष्ट संपते. हाच घड्याळवाला दुसऱ्या एका गोष्टीत जिन्यावरून पडून मरतो. मग ही पुस्तिका त्या पडण्याच्या आधी लावायची की नंतर?

"नंतर," बाइंडर म्हणाला. "सरळ आहे. मेलेला आहे तो."

"कशावरून?"

"ती एवढं बोलते, हा हूं की चूं करत नाही. बसलेला असतो नुसता."

बायकोनं हातातला टॉवेल खाली ठेवला. "मग मी इतकी वर्षं कोणाशी बोलतेय हो?"

बाइंडरला उत्तर सुचलं नाही. न सुचल्यामुळे तो गप्प बसला, आणि गप्प बसल्यामुळे त्याची बाजू आणखीच पडली, हे त्यालाही दिसत होतं.

"आधी लावा," ती म्हणाली. "जिवंत आहे तो. असतात अशी माणसं."

त्यानं चिडून पुस्तिका ओढली आणि जिन्याच्या गोष्टीच्या आधी शिवून टाकली. चीड तिची नव्हती. तिचं म्हणणं त्याला पटत होतं, याची होती.

ग्रंथपाल बाईंनी पुस्तक हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं, खूश झाल्या. मग चाळता चाळता थांबल्या. "ही गोष्ट इथे कशी? ही सगळ्यात शेवटची. लहानपणी आमच्याकडे यायच्या ह्या पुस्तिका, मला पाठ आहेत."

"पण घड्याळवाला जिवंत आहे."

"छे हो. तो मेलेलाच आहे."

"कशावरून? बोलत नाही म्हणून?" बाइंडरचा आवाज इतका चढला की वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

"नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्याच पानावर ती जेवायला बसते ना, तेव्हा एकच ताट घेते."

बाइंडरनं ते मोठ्यानं वाचलं होतं. त्याला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. त्याच्याही घरी बायको एकटीच जेवून घ्यायची आणि त्याचं ताट कामाच्या टेबलावर आणून ठेवायची.

"पुन्हा शिवून आणा," बाई हळूच म्हणाल्या. पुस्तक काखेत मारून तो घरी आला. वाटेत दूधवाला भेटला, त्याच्याशी तो बोलला नाही.

"काय म्हणाल्या बाई?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

एरवी तो सरळ टेबलाशी जाऊन बसला असता. आज दारात उभा राहिला. "परत आलं पुस्तक. मेलेलाच होता तो."

तिचा भांडी घासणारा हात थांबला. "घड्याळवाल्याच्या बायकोला माहीत होतं?"

"होतं. ताट एकच घेते ती."

"तरी बोलत होती," बायको म्हणाली आणि पुन्हा भांडी घासायला लागली.

बाइंडरनं पुस्तक ओट्यावर ठेवलं आणि स्टूल ओढून तिथेच बसला. ती बराच वेळ काही बोलली नाही. ही शांतता त्याला अजिबात सोसेना.

"असे समोर काय बसलात?" शेवटी तीच म्हणाली. "बोला काहीतरी."

बोलायला तर तो बसला होता. पण काय बोलावं ते सुचेना. पाण्याचं, शेजारणीचं, बहिणीच्या सुनेचं, सगळं आजवर तीच बोलत आली होती. स्वतःवरच वैतागत त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

"दोरा संपत आलाय," तो म्हणाला.

"मग?" असं म्हणून तिनं नळ बंद केला आणि ओले हात तसेच धरून ऐकायला उभी राहिली.