जहाजांची आत्या

दादा गेल्याचं पल्लवीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी अंगणात तुरी निवडत होते. "आत्या, बाबा गेले... सकाळी चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत..." एवढंच ती बोलू शकली. पल्लवी ही दादाची एकुलती एक मुलगी, नांदेडला त्याच्याजवळच राहायची. मी "निघते" म्हटलं, सूप आत ठेवलं, लुगडं बदललं. रडू आलं नाही, राग आला. माझ्याशी एक भांडण बाकी ठेवून हा माणूस खुशाल निघून गेला होता. नांदेडला पोचले तर अंगणभर माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडी तेच... देवमाणूस, कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मी ऐकून घेतलं. मयताच्या घरी तोंड उघडू नये एवढं मला कळतं. पण आता महिना होऊन गेला आहे, आणि वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी "भावाविषयी चार शब्द लिहा" असा आग्रह झाला आहे. तर लिहिते. दादा देवमाणूस नव्हता. तो फार हुशार होता, प्रेमळ होता, आणि भित्रा होता.

त्याचं नाव मिलिंद. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हा आम्ही कळमनुरीत राहत होतो, गावाच्या कडेला, आमच्या बौद्ध वस्तीत. आता तो हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा सगळं परभणीतच होतं. वडील आम्ही लहान असतानाच वारले. माय मजुरी करायची. त्याआधी सिद्धेश्वरच्या धरणावर तिनं मातीच्या टोपल्या वाहिल्या होत्या, दादा चालत आणि मी तिच्या पोटात. धरणाची भिंत दाखवून ती म्हणायची, "हिच्यातली लई माती माझ्या टकुऱ्यावरून गेली बरं का." माझं नाव शांता ठेवलं ते आमच्या आत्यानं. तिनं ठेवताना फारसा विचार केला नसावा, असं माझ्या ओळखीतले सगळेच म्हणतात.

दादाच्या शाळेत मुलांचं एक मासिक यायचं आणि त्यात अवकाशातल्या आरमाराची एक मालिका चालायची. एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर जाणारी जहाजं, त्यांची युद्धं, त्यांचे कप्तान. माणूस चंद्रावर जाऊन आलेला होताच, त्यामुळे आम्हाला त्यात खोटं काहीच वाटत नव्हतं. दादा त्या मालिकेच्या इतका नादी लागला की नुसतं वाचून त्याचं भागेना. त्यानं तिचा खेळ बनवला. मायच्या विटक्या लुगड्याच्या तुकड्यावर गेरूनं घरं आखली, फाशांच्या जागी फोडलेले चिंचोके घेतले, आणि जहाजं स्वतः घडवली. ज्वारीच्या धाटाच्या आत पांढरा मऊ गाभा असतो, त्याचे तुकडे बाभळीच्या काट्यांनी एकमेकांत टोचायचे, वरून सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, आणि मागे आग ओकायला टॉर्चच्या सेलच्या पितळी टोप्या. त्या जहाजांकडे पाहिलं की वाटायचं, हा पोरगा जन्माला येताना रस्ता चुकून आमच्याकडे आला.

आता नावांची गोष्ट. आमच्याकडे बारशाला लेकराचं नाव आत्या ठेवते. ती पाळण्यात वाकून कानात नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. दादा म्हणाला, "ही माझी लेकरं. मंग तू कोण? तू यांची आत्या. नाव तूच ठेवायचं." आणि नाव ठेवलं की माझ्या पाठीत तो असा रट्टा घालायचा की दोन दिवस पाठ दुखायची. नियम त्यानंच केले होते. नाव नसलेलं जहाज लुगड्यावर उतरणार नाही. जहाजाला मार लागला की त्याचं नाव मोठ्यानं घेऊन सांगायचं, अमुक गेली. आणि एकदा कानात सांगितलेलं नाव परत घ्यायचं नाही, लेकराचं घेतो का आपण? हा शेवटचा नियम तर त्यानं मला शपथ घालून पाळायला लावला होता.

मी नावं ठेवताना घाई करत नसे. नवं जहाज चार दिवस कोनाड्यात राहायचं. येता-जाता मी त्याच्याकडे बघायची, हे काम काय करील, कसं चालेल... त्या मासिकातली नावं म्हणजे सगळी वज्रदंड आणि गरुडध्वज. दादाला तीच आवडायची. मी विचारायची, "वज्रदंड काय करतो?" तो म्हणायचा, "घाबरवतो." "कोणाला?" मग तो चंदेरी कागद चिकटवायला लागायचा. मी त्याच्या टेहळणीच्या जहाजाला टिटवी म्हटलं, कारण कुणी यायच्या आत ती ओरडून उठते. लांबून मारा करणारी ती गोफण. फुटलेल्या जहाजातून माणसं जिवंत बाहेर काढणारी ती सुईण. उगीच शांत दिसणारी आणि एकदम अंगावर येणारी ती कयाधू, आमच्याकडे त्या नदीला कुणी गरीब समजत नाही. एकदाच चुकले. एका बारक्या, सडपातळ जहाजाला हरीण म्हटलं, आणि दादानं त्याच्या पोटात ओझं जास्त धरल्यामुळे खेळात त्याची चाल सगळ्यांत हळू निघाली. नियमाप्रमाणे नाव बदलता येत नव्हतं. आमचं हरीण शेवटपर्यंत गोगलगायीसारखं सरपटत राहिलं आणि आम्ही हसून लोळायचो.

सगळ्यांत मोठं जहाज त्यानं शेवटी केलं. युद्धाचं नव्हतं, वाहतुकीचं होतं. धान्य, पाणी, इंधन, सगळं त्याच्या पोटात. ते मागे राहिलं तर बाकीचं आरमार तीन घरांच्या पुढे जाऊ शकत नसे. त्याला कोनाड्यात ठेवावंच लागलं नाही. मी वाकले आणि कानात, म्हणजे जिथं कान असेल असं वाटलं तिथं, सांगितलं... गयाबाई. आमच्या मायचं नाव. दादानं त्या दिवशी रट्टा घातला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "शांते, हे बराबर जमलं."

माय चुलीपाशी होती. तिला सांगितलं तर आधी चिडली. तिच्या लेखी उडणारं ते सगळं विमान, म्हणजे इमान. "माणसाचं नाव कुनी इमानाला ठिवतं व्हय? येडे झाले का?" पण दुसऱ्या दिवशी निंदायला गेली तेव्हा बरोबरीच्या बायकांना तिनंच सांगितलं, संध्याकाळी दोघी-तिघी बघायला आल्या. खेळात एकदा चिंचोके फिरले आणि मी ओरडले, "गयाबाई गेली!" तशी माय भाकरी थापता थापता म्हणाली, "आगं म्या हाय की अजून!" त्यानंतर दादा हरायचा, पण त्या जहाजाला मारात येऊ द्यायचा नाही. हा तोच दादा आहे, हे मला विसरता येत नाही, आणि म्हणूनच पुढचं सोसवत नाही.

दादाच्या मॅट्रिकच्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला मुलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन ठरलं. परभणीहून कुणी मोठे पाहुणे येणार होते. विज्ञानाच्या सरांनी दादाची जहाजं निवडली, मधलं मोठं टेबल दिलं. दादाला पुढे औरंगाबादला तंत्रनिकेतनात जायचं होतं, वसतिगृहाला सरांची शिफारस लागणार होती. माय त्या दिवशी अर्ध्या कामावरून आली. धुतलेलं लुगडं, कपाळ स्वच्छ पुसलेलं, पायाला तेल. वाटेत भेटेल त्याला सांगत होती, "लेकरानं माझं नाव लावलंय इमानावर." मी तिच्या हाताला धरून चालत होते, आणि माझीही छाती काही कमी फुगलेली नव्हती.

टेबलापाशी पोचले आणि मी वाचलं. प्रत्येक जहाजापुढे पांढऱ्या पुठ्ठ्यावर टपोऱ्या अक्षरात नाव होतं. टिटवीच्या जागी गरुडध्वज. गोफणीच्या जागी वज्रदंड. सुईणीचं संजीवनी झालं होतं. आमच्या सरपटणाऱ्या हरणाला पवनवेग म्हटलं होतं, आणि एरवी मला त्याचं हसू आलं असतं. मोठ्या जहाजापुढे लिहिलं होतं महामेरू. अक्षर दादाचंच. पुढे मला कळलं की सर त्याला म्हणाले होते, "शोभतील अशी नावं ठेव. सुईण काय, गयाबाई काय... जहाज कुठल्या वस्तीतून आलं ते पाहुण्यांना पाटीवरून कळायला पाहिजे का?" दादानं एका शब्दानंही विरोध केला नाही. रात्रीतून पुठ्ठे लिहून मोकळा झाला.

माय वाचू शकत नव्हती. तिनं टेबलावरून नजर फिरवली आणि विचारलं, "मिलिंद, माझं कंचं रे?"

दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं महामेरूच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे बघ, माय. गयाबाई."

मायनं वाकून त्या अक्षरांखालून आपलं बोट फिरवलं. हळू, अक्षर दुखू नये अशा बेतानं. "लई मोठं लिवलं रे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजही शब्दांत मांडू शकत नाही, आणि मला ते सहन झालं नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "माय, तिथं तुजं नाव न्हाई. महामेरू लिवलंय." टेबलाभोवतीची माणसं वळली. सर हसले. माय ताठ उभी राहिली, दादाकडे एकदा पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला. "चल शांते, पानी भरायचंय," एवढंच बोलली. घरी आल्यावर बायकांनी विचारलं, "काय गं, पाह्यलं का तुजं इमान?" तर म्हणाली, "पाह्यलं की. लई झ्याक हाय." त्याचं खोटं ती आयुष्यभर सांभाळत राहिली. मला मात्र त्या रात्री तिनं पहिल्यांदाच रागावून विचारलं, "काहून सांगितलं तू मला? म्या खुश होते नं?" मी खरं बोलले होते, आणि घरात गुन्हेगार मी ठरले. याचा कडवटपणा माझ्या तोंडातून कधीच गेला नाही, आणि तो दादामुळे आला असं मी आजही म्हणते.

शिफारस मिळाली. दादा औरंगाबादला गेला, शिकला, नांदेडला पाटबंधारे खात्यात लागला. जहाज त्यानं पुन्हा केलं नाही. शाळेच्या कपाटात पहिली होती ती भुंग्यांनी खाऊन पीठ करून टाकली म्हणे. मायला त्यानं शेवटपर्यंत जपलं, तिच्या आजारपणात रजा काढून उशाशी बसला, हे सगळं खरं. पण त्या बोटाविषयी तो कधी बोलला नाही. तिच्याशीही नाही, माझ्याशीही नाही. पल्लवी झाली तेव्हा मला न्यायला आला होता. म्हणाला, "बारसं हाय. आत्याचा मान हाय." मी म्हटलं, "तूच ठेव. तुला नावं बदलायची सवय हाय." त्याचं तोंड एवढंसं झालं. दारातूनच म्हणाला, "शांते, किती दिवस धरून बसशील?" मी म्हटलं, "तू सोडवशील तोवर." तो न बोलता निघून गेला. बोलण्याच्या वेळी न बोलणं हा त्याचा स्वभावच होता, आणि लोक त्याला सोशिकपणा म्हणत.

निवृत्तीनंतर त्यानं बांधलेल्या घरी मी कधी गेले नव्हते. वास्तुशांतीऐवजी बुद्धवंदना ठेवली होती, तेव्हाही मी गुडघे दुखतात म्हणून कळवलं. पहिल्यांदा गेले ती तो गेल्यावर. त्या दिवशी गर्दीत काही दिसलं नाही. आमच्यात तेराव्याऐवजी करतात ते पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले, आणि मी निघताना फाटकापाशी थांबले. खांबात काळ्या दगडाची पाटी बसवलेली आहे, चारी बाजूंनी कोरीव काठ, आणि मध्ये काहीच नाही. आजूबाजूच्या प्रत्येक घराला नाव आहे. मी पल्लवीला विचारलं, हे राहिलं का? ती म्हणाली, "राहिलं नाही, आत्या. बाबांनी मुद्दाम कोरं ठेवलंय. कोरणारा दोनदा येऊन गेला, बाबांनी परत पाठवला. म्हणायचे, नाव शांता ठेवील, तिचा मान आहे, ती येईल तेव्हा..." रोज सकाळी अंगण धुताना बाबा ती पाटीही पुसायचे, असं तिनं सांगितलं. आता ती पुसते.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. एवढी वर्षं दगड पुसत बसला, पण कळमनुरीची बस धरून माझ्या दारात येऊन "चुकलो" म्हणाला नाही. नाव कोणतं हवं हे त्याला ठाऊक होतं, मलाही आहे. ते सांगितलं की तो सुटला. नाही सांगितलं तर मायचं नाव दुसऱ्यांदा पुसलं गेलं, आणि या वेळी माझ्यामुळे. काल पल्लवीचा पुन्हा फोन आला, "आत्या, कोरणाऱ्याला काय सांगू?" मी म्हटलं, "थांब म्हणावं त्याला." ती बिचारी बरं म्हणाली. सांगेन मी, सांगावंच लागेल. पण माय असती तरी तिला ती पाटी वाचता आली नसतीच. कुणीतरी अक्षरांवर बोट ठेवून तिला सांगावं लागलं असतं. ते बोट दादाचं असायला हवं होतं.