फोटोतला आपला माणूस

छायाताई गजभिये यांचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी आयुष्यभर रक्त तपासलं. नळीवर नाव चिकटवलंय म्हणून आतलं रक्त त्याच माणसाचं, असं त्यांनी कधी मानलं नाही. तिथे ते बरोबरच होतं, एक लेबल चुकलं तर माणूस जिवाला मुकतो. पण बाईंनी ती लॅब घरीही आणली. दह्याच्या डब्यावरची तारीख, प्लंबरचं हसू, लेकीची नवी मैत्रीण, सगळ्यांकडे त्या चष्मा खाली ओढून बघत. लेक ईरा वैतागून म्हणे, “Mom, not everyone is a scam.” त्यावर बाई म्हणत, “Everyone नाही, पण कोण ते आधी कळत नाही ना!”

रिटायर झाल्यावर असल्या बाईंनी घरी बसून शेजाऱ्यांच्या कुंड्यांवर नजर ठेवली असती. पण झालं उलटंच. शहराबाहेर, मक्याच्या शेतांच्या मधोमध, विमानं ठेवायच्या एका जुन्या हँगरमध्ये छोटंसं युद्धसंग्रहालय आहे. तिथे त्या दर रविवारी व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागल्या. येणाऱ्यांना माहिती सांगायची, आणि त्याहून आवडीचं काम म्हणजे कुणी कशाला हात लावत नाही ना, हे बघायचं.

संग्रहालय हवाई दलाच्या एका स्क्वाड्रनचं होतं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाची ही पोरं इंग्लंडात यॉर्कशायरमधून उडायची. चार इंजिनांची अवजड बॉम्बर विमानं, प्रत्येकात सात जण. संध्याकाळी निघायचं, जर्मनीच्या एखाद्या शहरावर आग ओतायची आणि वाचलो तर परत यायचं. बरेच वाचले नाहीत. खाली ज्यांच्यावर बॉम्ब पडले, त्यांची तर गणतीच नाही. छायाताई हे दोन्ही सांगत. मग शाळेची पोरं गप्प होत आणि त्यांच्या शिक्षिका घड्याळ बघत.

विमान अख्खं नव्हतंच. एक इंजिन होतं, शेपटाकडून बंदूक चालवणाऱ्याची काचेची कोठडी होती, आणि भिंतभर फोटो होते. त्यातला एक फोटो छायाताईंचा जीव की प्राण. विमानाच्या पोटाखाली बॉम्बच्या गाड्यावर बसलेले आठ जण, जमिनीवर राहून बॉम्ब भरणारे. खाली सात जणांची नावं होती. आठव्यापुढे ‘अज्ञात’. आणि तो आठवा सावळा होता, काळ्याभोर केसांचा, रुंद गालांचा, कॅमेऱ्याकडे न बघणारा.

पहिल्या दिवशी तो फोटो बघितला तेव्हा छायाताई बाकीची भिंत बघायच्या विसरल्या. त्यांच्या आईचे वडील धोंडिबा त्याच युद्धात भरती झाले होते. नागपूरजवळच्या गावातून गेले, ते गेलेच. कुठल्या आघाडीवर, कुठल्या मातीत, काही कळलं नाही. आई तेव्हा पाळण्यात होती. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. वस्तीतल्या माणसाचा फोटो त्या काळी काढणार कोण? आईने जन्मभर बापाचा चेहरा मनाने रचला आणि ती गेली.

हे धोंडिबाच, असं काही छायाताईंनी म्हटलं नाही. इतक्या त्या वेड्या नव्हत्या. पण आपला माणूस असणार, आपल्यापैकी कुणीतरी असणार, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. दह्यावर संशय घेणाऱ्या बाईंनी या एका गोष्टीवर मात्र घेतला नाही. जिथे घ्यायचा तिथेच नेमका नाही.

मग चक्रं फिरली. त्यांच्या आंबेडकर मंडळाचे सेक्रेटरी हर्षवर्धन रामटेके जवळच्याच केंब्रिज गावातल्या कार कारखान्यात इंजिनिअर. माणूस उत्साही, माइक दिसला की हात शिवशिवणारा. “ताई, हे huge आहे! आपल्या माणसाला history मधून पुसलं, आपण परत लिहायचं!” मंडळाने सह्या गोळा केल्या, संग्रहालयाला पाठवल्या. चार वर्षं न चुकता येणाऱ्या व्हॉलंटियरबाईंचा शब्द, वर इतक्या सह्या. संग्रहालयाने मान्य केलं. ‘बहुधा भारतातून आलेला सैनिक’, असं लेबल लागणार होतं. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात त्याच फोटोची मोठी प्रत हार घालून ठेवायची, असंही ठरलं. छायाताईंना वाटलं, आईचं एक देणं फिटलं.

नेमकी तेव्हाच ती बाई यायला लागली.

साठीच्या घरातली असेल. जाड जॅकेट, लांब पांढुरकी वेणी. आत यायची ती तडक त्या फोटोसमोर. इंजिनाकडे बघायचं नाही, माहिती विचारायची नाही. उभी राहायची, काचेवर बोट टेकवायची आणि निघून जायची. एक रविवार, दुसरा रविवार, तिसरा. छायाताईंचे कान टवकारले. काच फोडणार की काय? की फोटोच उचलणार? चौथ्या रविवारी त्यांना खरा धोका उमगला. बाई सावळी होती. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी मंडळाची! पंजाबी असेल नाहीतर गुजराती, लेबलाची बातमी फुटली आणि आता हे आपला माणूस पळवायला आले.

त्यांनी घरी येऊन हर्षवर्धनला फोन लावला. “हर्ष, कुणीतरी sniff करतंय. लेबल लवकर लावायला सांग.”

“कोण आहे, ताई?”

“कळंल. मी सोडते का तिला!”

पुढच्या रविवारी लेबलाचा नमुना फोटोखाली तात्पुरता चिकटवला होता. छायाताई इंजिनाआड दबा धरून बसल्या. बाई आली. काचेवर बोट ठेवलं. मग खालचं लेबल वाचलं, आणि मोठ्याने हसली. छायाताई ताडकन पुढे झाल्या आणि परदेशात आपल्या वाटणाऱ्या माणसाशी जे बोलतात ते बोलल्या. “आप कहाँ से हैं?”

बाईला हिंदी कळलं नाही.

“Where are you from?” छायाताईंनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

“इथूनच,” बाई इंग्रजीत म्हणाली. “या रस्त्याने खाली गेलं की नदी लागते ना, तिथून. सिक्स नेशन्स. तू कुठून?”

ग्रँड नदीकाठची ती वस्ती छायाताईंना माहीत होती. हॉस्पिटलमध्ये तिथले पेशंट येत. इथल्या मातीतले मूळचे लोक. पण ही बाई त्यांच्यातली असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. सावळा रंग दिसला की तो आपल्याच देशातून आला असणार, हा हिशेब.

“माझं नाव व्हर्ना,” बाई म्हणाली. आता ती हसत नव्हती. “आणि हा माझा मामा आहे. एल्मर हिल. हे तुम्ही काय लिहिलंय?”

छायाताईंच्या तोंडातून आयुष्यभराची सवयच बाहेर पडली. “पुरावा काय तुमच्याकडे?”

हँगरमध्ये दुसरं कुणी नव्हतं. व्हर्नाने काचेवरचं बोट काढलं.

“आईला घेऊन मी इथे आले होते, खूप वर्षांपूर्वी. तेव्हा जे होते त्यांनीही हेच विचारलं. कागद आणा म्हणाले. आई म्हणाली, माझ्या भावाचा चेहरा हाच कागद. मग ती परत आली नाही. ती गेली, आता मी येते.” तिने लेबलाकडे बोट केलं. “तुझ्याकडे काय पुरावा होता?”

छायाताईंनी आठवून पाहिलं. सह्या होत्या, मंडळ होतं. दर रविवारी नेमाने येणं होतं. पुरावा नव्हता.

आणि त्याच वेळी त्यांना तो आवाज ऐकू आला, आपलाच, मघाचा. तो कुठे ऐकला होता ते आठवलं. कॉलेजला ॲडमिशन घ्यायची म्हणून बाबा त्यांना जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत घेऊन गेले होते. टेबलामागचा माणूस मानही वर न करता म्हणाला होता, “पुरावा?” बाबांनी कागद दिले. “हे नाही चालत. आजोबांचा?” बाबा पुन्हा पुन्हा खेटे घालत राहिले. गावात ज्यांना पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्यांना कचेरीत मात्र आपण कोण ते सिद्ध करावं लागत होतं. बाबांची ती खाली गेलेली मान छायाताई आयुष्यात विसरल्या नव्हत्या. आणि आज टेबलामागे त्याच बसल्या होत्या.

“Sorry,” त्या म्हणाल्या. मग मराठीतच पुटपुटल्या, “चुकलं माझं.” व्हर्नाला शब्द कळले नाहीत, पण ती बाकावर बसली. छायाताईही बसल्या.

व्हर्ना एल्मरबद्दल बोलली. बॉम्ब भरताना बाकीचे त्यावर खडूने थट्टा लिहायचे, हा लिहायचा नाही. विमानं गेली की धावपट्टीच्या कडेला उभा राहायचा, आपलं विमान परत येईपर्यंत. दोनदा आलं नाही. युद्धानंतर गावी परतला तेव्हा इतर सैनिकांना जे सहज मिळालं त्यासाठी याला मूळच्या लोकांवर नेमलेल्या सरकारी एजंटाच्या दारात उभं राहावं लागलं. “मग त्याने मागणंच सोडलं. मेडल एका डब्यात होतं, त्याच डब्यात खिळे ठेवायचा.” खेटे, दार, मागणं. छायाताईंना यातलं काहीच नवं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी हर्षवर्धनला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, “ताई, बॅनर print झालाय. लोकांना बोलावलंय. आणि तिच्याकडे तरी पक्कं काय आहे? आपण ‘बहुधा’ म्हटलंय ना? कोण verify करणार?”

“काहून रे? आपल्याला पुसलं म्हणून आपण दुसऱ्याला पुसायचं?” छायाताई म्हणाल्या. “बाबासाहेबांच्या फोटोशेजारी चोरीचा माणूस ठेवायचा? मी ठेवू देणार नाही. लेबल उद्याच काढायला सांगते. संग्रहालयाला तिची गोष्ट माझ्या नावाने सांगते. माझा शब्द चालतो तिथे.”

त्यांनी ते केलं. दोन आठवडे हर्षवर्धन त्यांच्याशी धड बोलला नाही.

जयंतीला हॉल गच्च भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं झाली. मागच्या रांगेत व्हर्ना बसली होती, मांडीवर जॅकेट, चेहरा कोरा. तिलाही विश्वास नव्हता की ही माणसं खरं बोलतील. छायाताई माइकपाशी गेल्या. एवढ्या लोकांसमोर त्या कधी बोलल्या नव्हत्या.

“त्या फोटोतला माणूस आपला नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांचं नाव एल्मर हिल. इथल्या नदीकाठचे. मी चौकशी न करता सांगितलं, कारण मला हवं होतं. माफ करा.” कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या काही माना खाली गेल्या. मग एका म्हाताऱ्या आजोबांनी उभं राहून मागे वळून व्हर्नाला “जयभीम” केला. तिला काय करावं कळेना, तिने हात छातीशी नेला. हर्षवर्धन मुकाट्याने उठला आणि तिच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली.

जेवणाच्या वेळी छायाताई भरलेलं ताट तसंच धरून कोपऱ्यात उभ्या होत्या. खरं बोलून हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. पण आतून रिकामं वाटत होतं. चार वर्षं जवळ असलेला एक चेहरा हातातून गेला होता. आईला द्यायला आता पुन्हा काही नव्हतं.

व्हर्ना शेजारी येऊन उभी राहिली. “तुझ्या माणसाचं नाव काय होतं?”

“धोंडिबा. माझे आजोबा.” इतक्या वर्षांत या देशात ते नाव त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

“फोटो नाही?”

“नाही.”

“मग घरात त्यांच्यासारखं कोण दिसायचं? आमच्यात म्हणतात, माझी आई म्हणजे वेणी घातलेला एल्मर.”

छायाताईंचा हात कपाळावर गेला. “आजी म्हणायची, मीच. कपाळ आणि भुवया. मला बघून रडायची कधीकधी.”

व्हर्नाने त्यांच्या हातातलं ताट काढून बाजूच्या टेबलावर ठेवलं. खिशातून फोन काढला. “उजेडात ये,” ती म्हणाली. “चष्मा काढ.”

छायाताईंनी चष्मा काढला, पदर सारखा केला आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते, तरी त्यांनी पापणी हलू दिली नाही.